कोटाच्या दोन बटणांमधून

हेडफोन लावलेत? लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, मेट्रोत असाल, तर एक छोटंसं काम करा. समोर बसलेल्या माणसाकडे दोन सेकंद बघा. बास. आता नजर वळवा, नाहीतर समोरून "काय झालं?" असं येईल.

आजचा भाग या दोन सेकंदांबद्दल आहे. प्रवासात समोर बसलेल्या अनोळखी माणसाचा, त्याला न सांगता, न विचारता काढलेला फोटो, आणि त्याचा इतिहास. हा विषय डोक्यात कसा आला ते आधी सांगते, कारण त्यात माझीही थोडी चोरी आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची बदलापूरहून सीएसएमटीला जाणारी गाडी, लेडीज डबा. मला चक्क बसायला मिळालं होतं, म्हणजे चौथी सीट, अर्धं अंग हवेत. समोर खिडकीशी एक काकू झोपल्या होत्या. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, मांडीवर एक पिशवी आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. झोपेतसुद्धा पकड सुटलेली नाही. पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि उजेडाची एक तिरकी पट्टी बरोबर त्यांच्या गालावर आली होती. मी व्हॉट्सॲप वाचत असल्याचं नाटक केलं, फोन जरा उभा धरला आणि काढला फोटो. आवाज आधीच बंद करून ठेवला होता. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

फोटो मात्र काय आला होता! मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला. मैत्रिणीला दाखवला तर ती म्हणाली, "अगं टाक ना इन्स्टावर, बघत काय बसलीस?" माझं बोट त्या बटणावर गेलंही होतं. पण मला आठवला दादर स्टेशनवरचा एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी मी उभ्याउभ्या वडापाव खात होते आणि तो फोन माझ्याकडे रोखून उभा होता. मी बघितल्यावर त्याने हात खाली केला आणि गर्दीत गेला. त्या फोटोचं किंवा व्हिडिओचं पुढे काय झालं, मला आजतागायत माहीत नाही. तो मुलगा आणि मी, आमच्यात नेमका फरक काय? मी 'कले'साठी काढला होता, असं म्हणून स्वतःची समजूत घालून बघितली. पटेना.

मग मी वाचायला लागले. आणि वाचता वाचता पोचले थेट १९३८ सालच्या न्यूयॉर्कमध्ये, वॉकर इव्हान्स नावाच्या माणसापाशी.

हा इव्हान्स तेव्हा पस्तिशीचा. अमेरिकेत महामंदीची वर्षं होती. सरकारच्या शेतीविषयक खात्यासाठी त्याने दक्षिणेकडच्या गरीब शेतकऱ्यांचे, गावांचे, दुकानांचे फोटो काढले होते. ते आज मंदीच्या काळाचा चेहरा म्हणून ओळखले जातात. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, म्हणजे 'मोमा'मध्ये, त्याचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. एकट्या फोटोग्राफरचं तिथलं ते पहिलं मोठं प्रदर्शन मानतात. नाव झालं, पुस्तक निघालं. आता असा माणूस पुढे काय करेल? स्टुडिओ काढेल, मोठमोठ्या लोकांचे फोटो काढेल. हा गेला जमिनीखाली, सबवेत.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली. तिकीट पाच सेंट, आणि ते १९४८ पर्यंत पाच सेंटच राहिलं. (आपल्याकडे असं काही झालं असतं तर त्यावर सण साजरा केला असता.) पाच सेंटांत कोणीही कितीही लांब जाऊ शकत होतं. त्यामुळे डब्यात टायपिस्ट मुलगी, कोळशाने हात काळे झालेला कामगार, फरची कॉलर लावलेली श्रीमंत बाई, सगळे एकाच लांब बाकावर. आणि समोरासमोर बाक. हे महत्त्वाचं आहे. बाक समोरासमोर असले की माणूस दुसऱ्या माणसाकडे बघू शकतो, पण बघायचं नसतं. लोकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

इव्हान्सची युक्ती अशी. त्याच्याकडे कॉन्टॅक्स कंपनीचा ३५ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा होता. त्याच्या चकचकीत भागांना त्याने काळा रंग फासला, म्हणजे चमक दिसायला नको. कॅमेरा छातीशी बांधला, वरून ओव्हरकोट, आणि कोटाच्या दोन बटणांमधून फक्त लेन्स बाहेर डोकावेल अशी सोय. कॅमेऱ्याचं बटण दाबायला एक लांब केबल, ती बाहीच्या आतून खाली तळहातापर्यंत आणलेली. हात खिशात किंवा मांडीवर, बोटाने हळूच दाब दिला की झालं. म्हणूनच हे काम थंडीचं. उन्हाळ्यात ओव्हरकोट घालून बसलं असतं तर लोकांनी आधी त्यालाच निरखलं असतं.

आता यातली अडचण बघा. फ्लॅश नाही. डब्यातला उजेड मिणमिणता, त्या काळची फिल्म आजच्या मानाने मंद, गाडी हलतेय. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कॅमेऱ्यातून बघायची सोयच नाही. कॅमेरा छातीवर, डोळे वर. फोकस आणि बाकीचं सगळं आधी ठरवून ठेवायचं आणि अंदाजाने, छातीने नेम धरायचा. काय आलंय ते फिल्म धुतल्यावरच कळणार. फोटोग्राफर म्हणजे चौकट ठरवणारा माणूस, आणि या माणसाने चौकटच सोडून दिली होती. ती त्याला मुद्दामच सोडायची होती, असं मला वाटतं. स्टुडिओत माणूस केस नीट करतो, हनुवटी वर करतो, 'फोटोचा चेहरा' चढवतो. इव्हान्सला तो चेहरा नको होता. त्याचं म्हणणं असं होतं की माणूस एकटा आपल्या खोलीत आरशासमोर असतो तेव्हासुद्धा मुखवटा घालतो, पण सबवेत तो गळून पडतो.

कधी कधी त्याच्याबरोबर हेलन लेव्हिट नावाची पंचविशीतली मुलगी असायची. पुढे ती स्वतः न्यूयॉर्कच्या रस्त्यांची फार मोठी फोटोग्राफर झाली. पण तेव्हा तिचं एक काम असं की शेजारी बसायचं. एकटा पुरुष कोट घालून समोरच्या बाईकडे एकटक बघत बसला तर शंका येते. दोघं गप्पा मारत बसले तर कोण लक्ष देतं?

१९३८ ते १९४१ या काळात इव्हान्सने असे सुमारे ६०० फोटो काढले.

इथे जरा मागे जाऊ. कारण लपून फोटो काढण्याचा वाद इव्हान्सच्या आधी पन्नास वर्षं सुरू झाला होता, आणि तो मला आजच्या वादाचा सख्खा भाऊ वाटतो. १८८८ साली कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला. आत शंभर फोटोंची फिल्म, संपली की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. तोवर फोटो काढणं म्हणजे तिकाटणं, काळं फडकं, हलू नका वगैरे. आता कुणीही, कुठेही, न कळत. दोनच वर्षांत, १८९० मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला. तो या विषयातला पायाचा लेख मानला जातो. त्यांच्या तक्रारीत दोन गोष्टी होत्या, चटकन निघणारे फोटो आणि चहाटळ वर्तमानपत्रं. आज लिहिला असता तर फक्त नावं बदलावी लागली असती.

मग न्यूयॉर्क राज्यात एक खटला झाला. एका तरुण मुलीचा फोटो तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला. २५,००० पोस्टर! दुकानांत, गुत्त्यांत, जिकडे तिकडे तिचा चेहरा. ती आजारी पडली. १९०२ साली वरच्या कोर्टाने सांगितलं, कायद्यात असा काही हक्कच नाही. लोक इतके भडकले की पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, राज्याने कायदा केला. जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी कुणाचा चेहरा वापरायचा तर लेखी परवानगी हवी. मात्र बातमी आणि कला यांना कोर्टांनी पुढे त्यातून मोकळं सोडलं. ही फट लक्षात ठेवा.

आणि १९१६ मध्ये पॉल स्ट्रँड नावाच्या फोटोग्राफरने कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटी लेन्स लावली. लोकांना वाटायचं हा तिकडे फोटो काढतोय, आणि खरी लेन्स यांच्यावर. त्याचा त्या वर्षीचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो आहे एका अंध बाईचा. म्हणजे गंमत बघा, जिला दिसतच नाही तिच्यासाठी खोट्या लेन्सची गरजही नव्हती. गंमत म्हटलं खरं, पण तो फोटो बघताना पोटात कसंतरी होतं. इव्हान्सच्या मनावर हा फोटो तरुणपणी फार ठसला होता.

तर, परत सबवेत.

मी हे फोटो स्क्रीनवर एकेक करून बघितले, रात्री, दिवे घालवून. पहिली जाणवते ती शांतता. जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यावर टोपी. एक माणूस पेपर उघडून बसलाय, पेपरावर कुठल्याशा खुनाचा मोठा मथळा आणि त्याचा चेहरा मात्र पूर्ण कोरा. कुणी जांभई देतंय. आई आणि शेजारी पोर, दोघं दोन वेगळ्या दिशांना बघतायत. काही जण थेट आपल्याकडे बघतात. ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत हं, त्यांना कॅमेरा माहीतच नाही. ते समोरच्या कोटवाल्या माणसाकडे बघतायत, तेच ते दोन सेकंद, आणि नेमकं तेवढ्यात बोट दाबलं गेलंय. त्या नजरेत कधी संशय आहे, बहुतेकदा काहीच नाही. मंदी संपत आलेली, युरोपात १९३९ पासून युद्ध पेटलेलं, आणि या माणसांच्या चेहऱ्यावर फक्त घरी जायचंय एवढंच.

कुणाचंही नाव नाही. धंदा नाही, पत्ता नाही. इव्हान्सने कुणाशी बोलून कहाणी काढली नाही. आजच्या पद्धतीने बघितलं तर हे जरा कोरडंच वाटतं. आपल्याला सवय आहे, फोटोखाली परिच्छेदभर दुःख किंवा जिद्द हवी, शेवटी हृदयाची खूण हवी. इव्हान्सला ते सगळं टाळायचं होतं. त्याचा मित्र, लेखक जेम्स एजी, याने १९४० मध्ये या फोटोंसाठी छोटा निबंध लिहिला. त्याचा गाभा असा की हे सगळे वयाचे, वंशाचे, धंद्याचे कितीही वेगवेगळे असोत, यातला प्रत्येक जण एकमेव आहे, त्याच्यासारखा दुसरा नाही. हाच एजी आणि इव्हान्स १९३६ च्या उन्हाळ्यात अलाबामातल्या कुळांच्या घरी जाऊन राहिले होते आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४१ साली आलं.

म्हणजे बघा, १९४१ पर्यंत सगळं तयार. ६०० फोटो आहेत, निबंध आहे, नाव आहे, संग्रहालयाची ओळख आहे. आणि इव्हान्स हे फोटो पेटीत ठेवून देतो.

किती वर्षं? पुस्तक निघालं १९६६ साली. पंचवीस वर्षं!

मधे थोडे बाहेर आले. १९५६ मध्ये केंब्रिजच्या एका छोट्या नियतकालिकात आठ फोटो आणि एजीचा निबंध छापला गेला. एजी ते बघायला नव्हता, तो आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीत हृदयविकाराने गेला होता. मग १९६६ मध्ये 'मेनी आर कॉल्ड' हे पुस्तक आलं, त्यात ८९ फोटो. त्याच वर्षी 'मोमा'मध्ये प्रदर्शनही झालं. पुस्तकाचं नाव बायबलमधल्या मॅथ्यूच्या एका वचनातला अर्धा तुकडा आहे. उरलेला अर्धा असा, की बोलावणं पुष्कळांना असतं पण निवडले जातात थोडे. ६०० मधले ८९!

पण पंचवीस वर्षं का थांबला? काही जण म्हणतात खटल्याची भीती. ते १९०३ च्या कायद्याचं सांगितलं ना, त्यामुळे ही भीती अगदीच पोकळ नव्हती. काही जण म्हणतात प्रकाशक मिळेना. दोन्ही थोडंफार खरं असेल. पण इव्हान्सने स्वतः एक गोष्ट लिहून ठेवली आहे आणि माझ्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची. त्याने मान्य केलं की हे उद्धटपणाचं अतिक्रमण आहे. आणि मधे मुद्दाम काळ जाऊ देऊन आपण त्याची धार थोडी बोथट केली आहे, असंही त्याने म्हटलं. स्वतःला त्याने हेरही म्हटलंय, फक्त पस्तावलेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, वा, सोय बरी आहे! आधी चोरी करायची, मग पंचवीस वर्षांनी माफी मागायची, आणि मधे संग्रहालयात नाव. राग आला होता मला. पण हळूहळू लक्षात आलं की आपण 'फोटो काढणं' म्हणतो त्यात दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत. घेणं आणि दाखवणं. इव्हान्सने घेताना विचारलं नाही, पण दाखवण्याच्या आधी तो थांबला. १९४१ साली तो फोटो छापला असता तर बघणाऱ्याने ओळखलं असतं, "अरे, हा तर आपल्या गल्लीतला! कामाच्या वेळी सबवेत काय करतोय?" १९६६ मध्ये ती टोपी जुनी झाली, पोर मोठं झालं, ती बाई कदाचित राहिली नसेल. फोटो तोच, पण आता तो कुणाची चुगली करत नव्हता. आज घेणं आणि दाखवणं यांच्यात अंतर किती? माझ्या फोनवर तीन वेळा बोट लावलं की झालं.

तरी एक खटकतंच. १९६६ मध्ये त्यातलं कुणी जिवंत असेल, दुकानात पुस्तक चाळताना अचानक स्वतःचाच चेहरा समोर आला असेल, तर? त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

इव्हान्सनंतर या डब्यांत पुष्कळ जण शिरले. १९४६ मध्ये एक अठरा वर्षांचा पोरगा 'लुक' या मासिकासाठी रात्री-अपरात्री सबवेतून फिरून झोपलेल्यांचे, बिलगून बसलेल्या जोडप्यांचे फोटो काढत होता. ते मार्च १९४७ मध्ये छापून आले. त्या पोराचं नाव स्टॅन्ली कुब्रिक, हो, सिनेमावाला तोच. पॅरिसच्या मेट्रोत ल्यूक दलाए याने १९९५ ते १९९७ लपवलेल्या कॅमेऱ्याने समोरच्यांचे चेहरे टिपले आणि १९९९ मध्ये त्यातल्या ९० जणांचं पुस्तक काढलं. तेही फ्रान्समध्ये, जिथे माणसाचा आपल्या चेहऱ्यावरचा हक्क फार कडक मानतात.

ब्रूस डेव्हिडसन मात्र वेगळा. १९८० सालचा सबवे म्हणजे डबे आतून-बाहेरून रंगाने बरबटलेले, रात्री प्रवास करायला लोक घाबरायचे. डेव्हिडसन गळ्यात कॅमेरा उघड लटकवून, फ्लॅश लावून शिरला. लपायचा प्रश्नच नाही. त्याच्याजवळ स्वतःच्या फोटोंचा एक छोटा अल्बम असायचा. तो लोकांना दाखवायचा, मी हे असं काम करतो, तुमचा काढू का? कधी आधी विचारायचा, कधी आधी काढून मग सांगायचा आणि फोटो पाठवून द्यायचा. त्याच्या फोटोंतली माणसं रोखून बघतात, कधी आव्हान देतात, कधी मिरवतात. मुखवटा आहेच चेहऱ्यावर. पण तो त्यांनी स्वतः निवडलेला आहे, आणि मला त्यात इव्हान्सपेक्षा काही कमी दिसलं नाही.

आणि मायकल वुल्फ. २०१० मध्ये त्याचं टोकियोच्या गाड्यांवरचं पुस्तक आलं. सकाळच्या गर्दीत दाराच्या काचेला दाबले गेलेले चेहरे, काचेवर वाफ, गाल चपटे झालेले. तो प्लॅटफॉर्मवर, ते आत. काहींनी डोळे मिटून घेतलेत, काहींनी तोंडावर हात धरलाय, एखाद्याने सरळ मधलं बोट दाखवलंय. त्यांना बाजूला सरकायला जागाच नाही. लोक या फोटोंचं फार कौतुक करतात. मी सकाळी ठाण्याला गाडीत चढते, त्यामुळे माझी सहानुभूती त्या बोटवाल्याला.

कायद्याची ती फट आठवतेय? १९९९ ते २००१ या काळात फिलिप-लॉर्का डिकोर्सियाने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उंचावर फ्लॅश लपवून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. गाडीतले नव्हेत, फुटपाथवरचे. त्यातल्या एका वृद्ध, कर्मठ ज्यू गृहस्थांनी दावा लावला. त्यांच्या धर्मश्रद्धेला हे चालत नव्हतं, आणि फोटोच्या प्रती तर वीस-तीस हजार डॉलरना विकल्या जात होत्या. २००६ मध्ये कोर्टाने दावा काढून टाकला. म्हटलं, ही कला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पिठाच्या पोस्टरवाल्या मुलीसाठी जो कायदा झाला, तो या आजोबांच्या कामी आला नाही.

आता आपल्या गाडीत येऊ. बाहेरच्या जगाने मुंबईची लोकल बघितलेला एक फार गाजलेला फोटो आहे, ब्राझीलच्या सेबास्तियाओ सालगादोचा, १९९५ सालचा, चर्चगेट स्टेशन. वरून काढलेला. दोन बाजूंना गाड्या आणि मधून माणसांचा लोंढा, शटर इतका वेळ उघडा की माणसं पाण्यासारखी वाहतायत. जबरदस्त फोटो. पण त्यातला एकही चेहरा ओळखू येत नाही. कुणाचं गुपित फुटायचा धोका नाही, आणि कुणी भेटतही नाही. लहानपणी मी तो बघून म्हटलं होतं, यात बाबा असतील. आईने विचारलं, कुठे? मी सांगू शकले नाही.

बरोबर उलट टोकाला अनुश्री फडणवीस. मुंबईची फोटो-पत्रकार. दहा-बारा वर्षांपूर्वी तिने इन्स्टाग्रामवर 'ट्रेन डायरीज' सुरू केलं, फोनवर काढलेले लेडीज डब्यातले फोटो. टिकल्या-कानातले विकणाऱ्या बायका, तृतीयपंथी, खिडकीतून बाहेर बघणाऱ्या मुली, पेंगणाऱ्या नर्स. ज्या डब्यात इव्हान्सला कोट घालून कधीच शिरता आलं नसतं, तिथे ती रोज बसत होती. ती प्रवासीच होती. ते फोटो बघताना मला कुणी चोरून बघतंय असं वाटत नाही. का, ते नीट सांगता येत नाही. कदाचित फोटो काढणारीलाही पुढच्या स्टेशनला उतरून तीच धावपळ करायची आहे, हे दिसतं म्हणून असेल.

माझ्याही बाबतीत तसंच आहे, असं मी मनात म्हटलं. मीही प्रवासीच की! पण तरी तो फोटो टाकला नाही. पंचवीस वर्षं थांबायची काही माझी तयारी नव्हती. मग ठरवलं, काकू परत दिसल्या तर दाखवायचा.

साधारण दीड महिन्याने दिसल्या. गणपती होऊन गेले होते. तीच गाडी, तीच खिडकी, या वेळी जाग्या होत्या. माझी छाती अशी धडधडत होती, जणू मी तिकीट न काढता बसलेय. मी म्हटलं, "काकू, एक दाखवायचंय. रागावू नका." आणि फोन पुढे केला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बघत राहिल्या. मग हसल्या. "अगं बाई, मी अशी झोपते? तोंड उघडं टाकून?" शेजारच्या दोघी वाकून बघायला लागल्या तशी त्यांनी स्क्रीन छातीकडे वळवली. "छान आलाय हं पण. उन्हाचं छान आलंय." मग दोन बोटांनी फोटो मोठा केला. गालापासून खाली, हातापर्यंत, पिशवीपर्यंत नेला. तिथे थांबल्या.

पिशवी मी शंभरदा बघितली होती. माझ्या दृष्टीने ती फक्त पकड होती, झोपेतसुद्धा न सुटलेली. त्यावर एका हॉस्पिटलचं नाव छापलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. ज्या एका आजारासाठी लोक तिथे जातात, त्या आजाराचं नाव त्यातच होतं.

"हे कुणाला दाखवलंस?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"एका मैत्रिणीला. बाकी कुणालाच नाही."

"माझ्या ऑफिसात माहीत नाही अजून," त्या म्हणाल्या. "घरी सासूबाईंनाही नाही. ह्यांना फक्त." मग थोड्या वेळाने, "पाठव मला तो. उन्हाचा छान आलाय. आणि तुझ्यातला काढून टाक."

मी त्यांच्या समोरच पाठवला, त्यांच्या समोरच काढला. डिलीट केलेल्या फोटोंच्या फोल्डरमधूनही काढला, ते त्यांना दाखवलं, कारण ते फोल्डर असतं हे त्यांना माहीत होतं. कुर्ला आलं. त्यांनी सरकून मला नीट बसायला जागा दिली आणि विचारलं, "तू रोज याच गाडीला असतेस का गं?"

दर वेळी भागासोबत एक फोटो असतो. या वेळी नाही. पुढच्या भागात भेटू.